सात नंबरचं बदक

त्या पार्कात माणसाला उलटं टांगणाऱ्या, गरगर फिरवणाऱ्या आणि पोटातलं घशाशी आणणाऱ्या मिळून अकरा राइड होत्या. चार वर्षांच्या पोराला बसता येईल अशी एकच होती, बदकांची. बारा पिवळी बदकं, पाठीत बसायला खळगा, मधल्या जाड लोखंडी दांड्याभोवती संथ फिरणारी. फिरताना हातभर वर जायची, हातभर खाली यायची आणि तीन मिनिटांनी गुमान थांबायची. ती चालवणाऱ्या माणसाला सगळा पार्क बदककाका म्हणायचा. त्याचं खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं, आणि ते वाचणारा तो एकटाच होता.

महिन्याच्या एक तारखेला सकाळीच मॅनेजरबाईंनी त्याला वर बोलावलं. टेबलावर एका उंच मनोऱ्याचं चित्र होतं. माणसांना वर न्यायचं आणि तिथून सोडून द्यायचं, एवढंच त्या मनोऱ्याचं काम.

"काका, हे बदकांच्या जागेवर बसतंय," बाई म्हणाल्या. "रागावू नका. पण लहान मुलं इथे किती वर्षं येतात? दोन, फार तर तीन. मोठी माणसं पुन्हा पुन्हा येतात, मित्रांना घेऊन येतात. त्यांना किंचाळायचं असतं. आठवडाभर साहेबासमोर तोंड उघडता येत नाही, मग इथे येऊन उघडतात."

"बाई, पण मोठ्यांना इथे आणतं कोण?" बदककाका म्हणाला. "पोरगं हट्ट करतं म्हणून आईबाप दारात येतात. पोरालाच बसायला काही नसेल तर ते काय मनोऱ्याकडे बघत आइस्क्रीम खाणार?"

बाई हसल्या. बाई वाईट नव्हत्या, फक्त त्यांना वरून सारखे फोन यायचे. "तुमच्या दिवसाला बावीस फेऱ्या होतात. चाळीस झाल्या तर मी वर भांडेन. महिनाअखेरीपर्यंत आकडा बघते."

चाळीस! सुट्टीचा दिवस सोडला तर चाळीस फेऱ्या गेल्या पाच वर्षांत झाल्या नव्हत्या. 

आता तुम्ही म्हणाल, एवढा काय जीव टाकायचा बारा प्लॅस्टिकच्या बदकांवर? नोकरी गेली नसती, दुसऱ्या राइडवर उभं केलं असतं त्याला. पण गोष्ट नोकरीची नव्हती, सात नंबरच्या बदकाची होती.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या शहरात, विमानाने तीन तास. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. मुलगा "काय बाबा, बरंय ना?" विचारायचा, सूनबाई मागून हात हलवायची, आणि मग फोन नातवाच्या हातात जायचा. नातू साडेचार वर्षांचा. बदककाका त्याला फिरती बदकं दाखवायचा. पोराने त्यातलं सात नंबरचं स्वतःसाठी मुक्रर केलं होतं, कारण त्याच्या एका डोळ्याचा रंग उडाला होता. "ते मला डोळा मारतंय, आजोबा. तिथे दुसऱ्या कुणाला बसवू नकोस." आता सार्वजनिक बदक असं राखून कसं ठेवणार? मुलं बसायचीच. पण रविवारी फोनच्या वेळेला बदककाका सात नंबर मोकळा राहील असं बघायचा.

मुलगा दोनदा येतो म्हणाला आणि दोन्ही वेळा आला नाही. यावेळी म्हणाला, "पंचवीस तारखेला यायचं बघतोय, नाहीतर मग पुढच्या महिन्यात कधीतरी." मुलाचं 'बघतोय' बदककाका चांगलं ओळखून होता.

आणि दुसरीकडे पोर वाढत होतं. बदकांच्या दाराशी एक उंचीची पट्टी होती, तिच्यावर लाल रेष. इतर राइडवर रेषेच्या वर असाल तरच आत सोडायचे, इथे रेषेच्या खाली असाल तरच. त्यापेक्षा उंच मुलाचे गुडघे खळग्यात मावत नसत. "तू आता मोठा झालास, राजा," असं म्हणून बदककाकाने आजवर किती पोरांना परत पाठवलं होतं. सूनबाईने दाराच्या चौकटीवर पोराची उंची मोजून फोटो पाठवला होता. लाल रेषेला तीन बोटं उरली होती. स्वतःच्या मुलाला तर बदककाका कधी बसवूच शकला नव्हता, कारण बदकं आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याआधीही प्रत्येक सुट्टीला बाप दुसऱ्यांच्या मुलांना फिरवत पार्कात आणि मुलगा घरी खिडकीत.

तर हे असं होतं. बदकं महिनाअखेरीनंतरही राहायला हवी होती, निदान नातू येईपर्यंत.

रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी प्रत्येक राइडची चाचणी असते. बदकांवर वजन नसेल तर यंत्र सुरूच होत नाही. म्हणून पंधरा किलो वाळूच्या सहा पिशव्या होत्या, साधारण एका मुलाच्या वजनाची एकेक. त्या एकाआड एक बदकात ठेवायच्या, पट्टे बांधायचे, तीन फेऱ्या घ्यायच्या, पिशव्या खाली काढायच्या. एक तारखेलाच दुपारी बाराला पार्कात चिटपाखरू नव्हतं. बदककाकाने इकडे तिकडे बघितलं आणि सकाळी खाली काढलेल्या पिशव्या परत उचलून बदकांत बसवल्या. पट्टे बांधले. बटण दाबलं.

यंत्राच्या पेटीवर काचेआड आकड्यांच्या दोन ओळी होत्या. वरची दिवसाच्या फेऱ्यांची, रोज सकाळी शून्यावर येणारी. खालची, राइड बसवली त्या दिवसापासूनच्या एकूण फेऱ्यांची. दारावर एकदा तिकीट काढलं की आत सगळ्या राइड मोकळ्या, त्यामुळे कोण किती वेळा बसलं याचा दुसरा काही पुरावा नव्हता. वरचा आकडा संध्याकाळी ऑफिसात कळवायचा, संपलं. बदककाका बावीस वर्षं वरची ओळच बघत आला होता.

दिवसाला अठरा फेऱ्या तो पिशव्यांना देऊ लागला. सकाळी दहा-पंधरा मिनिटं, मग भर दुपारी. नेहमी पिशव्या एक, तीन, पाच, सात अशा ठेवायच्या, तो दोन, चार, सहा, आठ अशा ठेवू लागला, म्हणजे सात नंबर रिकामा राहील. पहिल्या आठवड्यात कंबर धरली. दुसऱ्या आठवड्यात त्याला पिशव्यांची सवय झाली. सहा नंबरची पिशवी नेहमी एका बाजूला कलायची, तिला तो म्हणायचा, "नीट बस गं बाई, पडशील." आठ नंबरच्या पिशवीची शिवण उसवली होती, तिला त्याने घरून सुईदोरा आणून टाके घातले. हे सगळं ऐकून हसू येईल. पण दिवसभरात त्याच्याशी दुसरं बोलणारं होतं तरी कोण? आईबाप बोलायचे ते मुलांशी, आणि मुलं बोलायची बदकांशी. घरी गेल्यावर तर कुलूप उघडल्याचा आवाज हाच काय तो घरातला पहिला आणि शेवटचा आवाज.

आकडा रोज चाळीसवर जाऊ लागला. पंधरा तारखेला मॅनेजरबाई स्वतः येऊन म्हणाल्या, "काका, कमाल केलीत! मनोऱ्याला मागची जागा बघते मी." त्या दिवशी बदककाकाने परत जाताना जिलेटिनच्या कागदातल्या गोळ्यांचं एक पाकीट घेतलं, नातवासाठी. आणि घरी पोचेपर्यंत स्वतःच दोन खाल्ल्या.

वीस तारखेला मुलाचा मेसेज आला. तिकिटं काढली होती. पंचवीस तारीख, सकाळी अकरा वाजता पार्कात. बदककाकाने तो मेसेज चारदा वाचला. मग उठून सात नंबरच्या बदकाचा डोळा पुसला. रंगवायचा विचार आला होता, पण पोराला तो तसाच हवा होता.

त्याच दिवशी संध्याकाळी पार्कची मेकॅनिक आली. तिशीची, खांद्यावर पाना, बोलण्यात फटकळ. दर महिन्याच्या वीस तारखेला ती सगळ्या यंत्रांचे आकडे लिहून न्यायची. काचेसमोर वाकली ती वाकलेलीच राहिली.

"काका, दोन लाख?"

"काय दोन लाख?"

"खालची ओळ." तिने काचेवर बोट टेकवलं. "मधल्या दांड्याचं आयुष्य दोन लाख फेऱ्या. बनवणाऱ्याच्या पुस्तकात लिहिलंय. त्यानंतर एक मूलसुद्धा बसवायचं नाही. एक तारखेला आठशे उरल्या होत्या. रोजच्या बावीसने मी हिशेब करून ठेवला होता, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत पुरल्या असत्या. नवा दांडा घडवून यायला पाच महिने लागतात, तेव्हा मागवायचाच होता. तुम्हाला आधी सांगून जिवाला घोर कशाला, म्हणून बोलले नाही."

बदककाका पेटीकडे बघत राहिला. दोनावर पाच शून्यं. बावीस वर्षं ती ओळ त्याच्या नाकासमोर होती.

"पाच तारखेपर्यंत," तो म्हणाला.

"पण या फेऱ्या गेल्या कुठे? एवढी गर्दी तर..." ती थांबली. तिने दिवसाच्या शेवटच्या फेऱ्यांसाठी बदकांत बसवलेल्या सहा पिशव्यांकडे पाहिलं. "दुपारी जाता-येता मला ह्या दिसायच्या फिरताना. मला वाटलं, तुम्हाला करमत नाही, म्हणून फिरवता."

 पुढची आकडेमोड बदककाकाने स्वतःच केली, मनात, हळूहळू, कारण चुकावी अशी त्याची इच्छा होती. वीस दिवस, रोज अठरा. तीनशे साठ. काहीच केलं नसतं, नुसता खुर्चीवर बसून राहिला असता, तर पंचवीस तारखेला नातवासाठी अडीचशे फेऱ्या उरल्या असत्या.

"एकच फेरी," तो म्हणाला. "पंचवीसला. नातू येतोय."

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. "काका, तुमच्याच नातवाला बसवायचंय ना? तुम्हीच सांगा, बंदची पाटी लावू की नको?"

त्यानेच दारावरची साखळी आणून दिली. तिने लाल पाटी अडकवली. जाताना ती त्याच्या दंडाला हात लावून गेली, आणि मॅनेजरबाईंना पिशव्यांचं काही सांगितलं नाही.

पंचवीसला मुलगा आला. आयुष्यात पहिल्यांदा दिलेल्या तारखेला, दिलेल्या वेळेला. बाबांच्या पाया पडला, "वाळलात हो," म्हणाला. सूनबाईने डबा दिला. राइड बंद असल्याचं बदककाकाने फोनवर सांगितलं नव्हतं, तोंडच उघडलं नव्हतं त्याचं. मुलाने पाटी वाचली. "अरेरे. असू दे बाबा, तो लहान आहे, विसरेल. आम्ही जरा ती उलटी फिरणारी करून येऊ? वीस मिनिटं सांभाळाल त्याला? दोन वाजता निघायचंय, हिच्या माहेरी जायचंय."

"जा, जा," बदककाका म्हणाला. दोघं हसत, एकमेकांना ओढत गेली. मुलगा असा धावताना त्याने कधी पाहिला नव्हता. गेली बावीस वर्षं तो मोठ्यांच्या राइडना नावं ठेवत आला होता, पण त्या क्षणी त्याला वाटलं, बरं झालं, निदान त्याला तरी इथे काहीतरी मिळालं.

नातू पट्टीला पाठ लावून ताठ उभा राहिला. "बघ, मी बसतो की नाही!" लाल रेषेला दोन बोटं उरली होती. पाच महिन्यांनी उरणार नव्हती.

"बसतोस," बदककाका म्हणाला. "अगदी बरोबर बसतोस."

पोर साखळीशी गेलं, तिच्यावर हनुवटी टेकवून आत बघू लागलं. पिशव्या अजून तिथेच होत्या. वीस तारखेपासून त्या काढायला बदककाकाचे हात उठले नव्हते.

"सात नंबर रिकामा आहे! तू ठेवलास!"

"हो."

"मग सुरू कर ना."

"नाही होत रे. त्याच्या फेऱ्या संपल्या. ठरलेल्या असतात. तेवढ्या झाल्या की कुणालाच बसवायचं नाही, पडायला होतं."

पोराने ते नीट ऐकून घेतलं. शाळेतल्या झोपाळ्यावर पाळी लावायची त्याला सवय होती. "आणि हे कोण बसलेत?"

"वाळू आहे. पिशव्या."

"ते बसले होते? फिरले?"

"हो."

"किती वेळा?"

बदककाकाला खोटं बोलता आलं असतं. वीस दिवस त्याने दुसरं केलं काय होतं? पण या तोंडाकडे बघून जमेना.

"तीनशे साठ."

नातवाला तीनशे साठ म्हणजे किती ते कळलं नाही. पण पुष्कळ, हे कळलं. त्याने सहाही पिशव्यांकडे एकेक करून पाहिलं, मग डोळ्याचा रंग उडालेल्या सात नंबरकडे, मग आजोबाकडे.

"आणि मला एक पण नाही ठेवली?"

बदककाका खाली बसला, जमिनीवरच, म्हणजे पोराच्या तोंडासमोर तोंड आलं. "नाही ठेवली रे बाळा," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच फिरवत होतो. चुकलं माझं."

मागे उंचावर ती उलटी फिरणारी राइड वर पोचली आणि सगळी मोठी माणसं एकदम किंचाळली. त्यात मुलाचाही आवाज असणार. नातवाने वर पाहिलं, घाबरला, आणि आजोबाचा शर्ट मुठीत धरला. गोळ्यांचं पाकीट खिशात होतं. बदककाकाने त्यातली एक सोलून त्याच्या तोंडात घातली आणि वीस मिनिटं संपेपर्यंत ते दोघं तसेच साखळीपाशी बसून राहिले.