काळी माइल्ड

"ही न्हवं," बाळासाहेब म्हणाले आणि त्यांनी ग्लास टेबलाच्या मध्यापर्यंत सरकवला.

वेटर अजून तिथंच उभा होता. आइंडहोवनच्या चौकातल्या त्या कॅफेत भिंतभर बिअरच्या बाटल्या मांडलेल्या होत्या आणि त्यातली सगळ्यात काळी त्यानं निवडून आणली होती. "तुम्ही डार्क मागितली होती ना, सर?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"काळी हाय. माइल्ड न्हाई." बाळासाहेब त्याच्याशी मराठीतच बोलले. मग मुलीकडं वळून म्हणाले, "सांग त्याला, वृंदे. ह्यो साखरेचा पाक हाय. आन एका ग्लासात माणूस आडवा हुईल. पाइंट ऑफ माइल्ड माग."

वृंदानं डचमध्ये वेटरची माफी मागितली. गावातल्या बहुतेक कॅफेंमध्ये तिनं हेच केलं होतं. बाहेर आल्यावर बाळासाहेबांनी टोपी घातली, रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि विचारलं, "बस किती वाजता हाय डडलीची?"

डडली समुद्रापलीकडं, इंग्लंडात होतं. बाळासाहेब जगदाळे तिथं सहासष्ट साली वाईजवळच्या एका खेड्यातून गेले होते. पुढची सगळी नोकरी त्यांनी तिथल्या फाउंड्रीत काढली. वाळूचे साचे भरायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पाळी संपली की अंगातलं सगळं पाणी घामावाटे गेलेलं असायचं, आणि ते भरून काढायला कामगार कोपऱ्यावरच्या पबमध्ये जायचे. तिथं माइल्ड मिळे. काळपट, स्वस्त, अगदी हलकी बिअर. दोन-तीन पाइंट पिऊनही माणूस सरळ चालत घरी जायचा आणि सकाळी भट्टीपुढं उभा राहायचा. बाळासाहेब रोज संध्याकाळी जात. रविवारी बाराला जात आणि दुपारी दोनला पब बंद झाला की मटणाच्या जेवणाला घरी येत.

वृंदा त्या घरात वाढली होती. रविवारी आई मटण उतरवून खिडकीशी बसायची. आबा यायचे, त्यांच्या कोटाला तो करपट, गोडसर वास असायचा. जेवायचे, "बरं झालंय" म्हणायचे आणि झोपायचे. त्यापलीकडं त्यांच्या तोंडून शब्द येत नसे. बोलणं सगळं ते तिथंच संपवून येतात, असं आई एकदा म्हणाली होती. ती चिडून म्हणाली नव्हती, पण वृंदाला तेव्हापासून त्या वासाचीच चीड बसली.

आई दोन हजार तेरामध्ये गेली. वर्षभरानं शेजाऱ्यांचा फोन आला, की बाळासाहेब गॅस चालू ठेवून बाहेर फिरत असतात. वृंदा आणि अभिजित त्यांना आइंडहोवनला घेऊन आले. अभिजित पुण्याचा, इथं चिप बनवायच्या यंत्रांच्या कामात इंजिनिअर. वृंदा शाळेत इंग्रजी शिकवायची. पहिलं वर्ष बरं गेलं. मग बाळासाहेबांना दिवस कळेनात. हाउसआर्ट्सनं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरनं, त्यांना मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं. डॉक्टरांनी मेंदूची चित्रं दाखवली आणि हे बरे होतील का, असं वृंदानं विचारायच्या आधीच नाही म्हणून मान हलवली. त्यानंतर हळूहळू त्यांचं बोलणं आटलं. दिवसाकाठी चार-दोन वाक्यं. त्यात बहुतेकदा माइल्ड असायची.

तिनं डडलीला फोन लावले. कोपऱ्यावरचा पब पाडून तिथं फ्लॅट झाले होते. तिनं इंग्लंडहून बाटल्या मागवल्या, त्या बाळासाहेबांनी नुसत्या हुंगून परत दिल्या. शेवटी जुन्या बिअरच्या शौकिनांचा एक गट तिला इंटरनेटवर सापडला. तिथल्या एका म्हाताऱ्या इंग्रजानं लिहिलं, की आमच्याकडं आता ती फारशी कुणी करत नाही. गंमत म्हणजे अमेरिकेत काही वेडे लोक अगदी जुन्या रीतीनं करतात. ओरेगनमधल्या एका छोट्या गावाचं नाव त्यानं दिलं. तिथल्या बिअर बनवणाऱ्याचे आजोबा डडलीच्याच बाजूचे होते.

अभिजितला कामासाठी ओरेगनला जायचंच होतं.

"तुला तर त्या वासाची चीड होती," बॅग भरताना तो म्हणाला.

"अजून आहे."

"मग कशाला हा खटाटोप?"

वृंदा त्याचे शर्ट घडी करत होती. "अभि, आबा मला काय काय सांगायचे, ते आठवायला बसले ना, तर काहीच आठवत नाही. सगळं त्या पबमधल्या लोकांना माहिती होतं. ते लोक मेले. आता आबापण चालले." तिनं पुढचा शर्ट उचलला. "ती माइल्ड प्यायले तर कदाचित बोलतील. एवढंच."

आठवड्यानं त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागं लाकडी टेबलं दिसत होती.

"सापडली गं! शेताच्या मधोमध आहे ही जागा. रस्ता चुकलो दोनदा."

"चाखून बघितलीस?"

"बघितली. मला काय कळतंय त्यातलं? जरा करपलेल्या पोळीसारखी लागते. फेस अगदी कमी." त्यानं ग्लास कॅमेऱ्यापुढं धरला. उजेडाकडं केल्यावर काळ्या रंगातून तांबूस कड दिसली. "ह्या माणसाला आबांचं सांगितलं. तो बाटल्यांत विकत नाही, पण आपल्यासाठी भरून देतोय. लवकर संपवा म्हणाला, ही टिकत नाही."

स्वेटरांत गुंडाळलेल्या बाटल्या घेऊन अभिजित शनिवारी परतला. रविवारी बाराच्या सुमाराला वृंदानं एक बाटली उघडली. तोच करपट, गोडसर वास आला. मग तिनं ग्लास भरला आणि बाळासाहेबांपुढं ठेवला.

त्यांनी तो लगेच उचलला नाही. आधी रंग पाहिला. मग एक मोठा घोट घेतला, डोळे मिटले आणि हाताच्या पालथ्या बाजूनं ओठ पुसले.

"आं," ते म्हणाले. "हीच."

दुसऱ्या घोटानंतर त्यांचे खांदे सैल झाले. ते खुर्चीत मागं रेलले, पाय लांब केले, आणि बोलू लागले.

"रेग न्हाई आला अजून?" त्यांनी अभिजितला विचारलं.

अभिजितनं वृंदाकडं पाहिलं. "येईल इतक्यात," तो म्हणाला.

"तू नवा दिसतोस. तुला ठावं न्हाई. पैल्या वर्षी मला हितं आत घेत न्हवते. दारावर पाटी, काळ्यांनी येऊ नये. मी आपला बाहीर. आन ह्यो रेग, माझ्याच साच्यावरचा, त्यानं माझा हात धरला आन आत आला. मालक म्हनतो, ह्यो न्हाई चालनार. रेग म्हनतो, मग मीबी न्हाई, आन आमच्या पाळीतला कुनीच न्हाई. मालकानं बगितलं, इसेक मानसं उठून हुबी राह्यली." बाळासाहेब हसले. वृंदानं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "मग दिली मला ही. पैला पाइंट. वंगाळ लागली! पर टाकतो कशी? इसेक मानसं बगत हुती."

वृंदा त्यांच्या समोर बसली होती. तिनं आवाज न करता ग्लास पुन्हा भरला.

"आणि घरी सांगत होता का तुम्ही, हे सगळं?" तिनं विचारलं.

"घरी? घरी कशाला? बायकू भ्याली असती. पोरगी ल्हान." त्यांनी ग्लास फिरवला. "पोरगी लई हुशार हाय माझी. मास्तरीन हुनार. मी रेगला सांगतो, माझी पोरगी इंग्रजांस्नी इंग्रजी शिकवील. हसतोय लेकाचा."

वृंदा उठून सिंककडं गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मागं बाळासाहेबांचं बोलणं चालूच होतं. भट्टी फुटली तो दिवस, हेडमास्तरांनी पोरीला शाबासकी दिली तो दिवस, बर्फात कुणाचे तरी बूट हरवले ते. अभिजित हसत होता, खरंखुरं हसत होता. तिला वाटलं, दर रविवारी. दर रविवारी एक ग्लास, आणि हळूहळू सगळं ऐकून घ्यायचं.

ग्लास संपल्यावर बाळासाहेब उठले. खुंटीवरची टोपी त्यांनी डोक्यावर ठेवली.

"चला. घरला जायाला पायजे. मटन गार हुईल."

"आबा, हेच घर आहे," वृंदा म्हणाली.

"ती वाट बगत आसंल. खिडकीत बसती. मला म्हाईत हाय, ती खिडकीत बसती."

ते त्यांना माहीत होतं, हे वृंदाला पहिल्यांदाच कळलं. ती त्यांच्याजवळ गेली, त्यांचे दोन्ही हात धरले. नंतर तिला वाटत राहिलं, की निदान तेव्हा तरी गप्प बसायला हवं होतं.

"आबा, आई नाहीये आता. आई गेली. तीन वर्षं झाली."

बाळासाहेबांचा चेहरा आधी तसाच राहिला. मग तो हळूहळू ढासळत गेला.

"कशानं?"

"झोपेतच. हॉस्पिटलमध्ये."

"आन मला कुनी सांगितलं न्हाई?"

"तुम्ही होता तिथं, आबा. तुम्ही शेजारी बसला होता."

"मी पबात हुतो," बाळासाहेब म्हणाले. "ती गेली आन मी हितं पीत बसलो." ते खाली बसले. त्यांच्या छातीतून एक आवाज आला, लांबवर कुणी जड दार ओढावं तसा. अभिजित त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. वृंदाला हात लावता येईना. आईच्या अंत्यविधीला आबा रडले नव्हते. आज पहिल्यांदाच रडत होते, आणि ती बातमी तिनं दिली होती.

थोड्या वेळानं ते शांत झाले. रुमालानं तोंड पुसलं. खिडकीबाहेर पाहिलं. मग उठले आणि टोपी सारखी केली.

"चला," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "मटन गार हुईल."

या वेळी वृंदानं कोट चढवला. अभिजित दारापर्यंत आला. "बाकीच्या बाटल्यांचं काय करू?"

"ओतून टाक," ती म्हणाली.

डडलीतल्यासारखीच विटांच्या एकसारख्या घरांची रांग ऊन अंगावर घेत उभी होती. बाळासाहेब भराभर चालत होते, जणू वाट पायांना पाठ होती. एका घरापुढं थांबून त्यांनी पायपुसण्यावर बूट घासले, दोन्ही, नीट, आणि बेल वाजवली. सोनेरी केसांची एक तरुण बाई बाहेर आली. तिनं डचमध्ये काहीतरी विचारलं.

बाळासाहेबांनी तिच्या खांद्यावरून आतल्या खिडकीकडं पाहिलं. मग टोपी काढली. "सॉरी, मिसेस," ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले आणि पायरी उतरले.

कोपऱ्यावर येऊन त्यांनी टोपी पुन्हा घातली. तिथं त्यांची नजर वृंदावर गेली. ते दचकले आणि अदबीनं थोडे बाजूला सरकले.

"तुमी मराठी दिसताय, बाई."

"हो," वृंदा म्हणाली.

"हितं कुटं ऱ्हाता?"

तिनं मागं हात केला. "त्या गल्लीत."

"चला, सोडतो तुमास्नी. हितली मानसं वाईट न्हाईत, पर आपन परकं. बाईमानसानं एकटं फिरू नये."

ते रस्त्याच्या बाजूनं चालू लागले, तिला घरांच्या बाजूला ठेवून. मागून सायकल आली की हात आडवा धरत. तिच्या दारापाशी आल्यावर ते दोन पावलं अलीकडंच थांबले.

"आत जावा. कडी लावून घ्या."

वृंदानं किल्ली काढली, पण कुलपात घातली नाही. बाळासाहेबांनी टोपीला बोट लावलं, पाठ केली आणि आले होते त्याच दिशेनं निघाले. वृंदानं त्यांना थोडं पुढं जाऊ दिलं. मग त्यांना पावलं ऐकू येणार नाहीत इतकं अंतर ठेवून ती त्यांच्या मागं चालू लागली.