बहात्तर कड्यांची साखळी

हल्ली करवतीची साखळी कुठल्याही दुकानात मिळते. आमच्या वेळी ती टपालाने यायची, आणि आमच्या रस्त्यावरच्या पाचही लाकूडतोड्यांच्या घरांची मागणी मी एकाच पाकिटात लिहून धाडायची, म्हणजे टपालखर्च एकदाच पडे. पुरुषांचं अक्षर कोंबडीचे पाय, त्यामुळे काम माझ्या गळ्यात. विस्कॉन्सिनचा एक दुकानदार दरवर्षी कॅलेंडर पाठवायचा. ओहायोच्या एकाने एकदा दोन्ही हातमोजे डाव्या हाताचेच पाठवले. मिनेसोटाचा म्हातारा मात्र प्रत्येक पार्सलात स्वतःच्या हाताने चार ओळी लिहायचा, म्हणून माझा त्याच्यावर जीव.

एकाहत्तर सालच्या ऑक्टोबरात त्याचं नुसतंच पत्र आलं, पार्सल नाही. "बाई, गेल्या खेपेच्या बहात्तर कड्यांच्या साखळ्या वापरू नका. कड्या जोडणारे रिव्हेट ठिसूळ निघालेत. चालत्या करवतीत साखळी तुटली तर माणसाची धडगत नाही."

कड्या किती लागतात ते करवतीच्या पात्याच्या लांबीवर ठरतं, आणि कुणाचं पातं केवढं हे मला तोंडपाठ. बहात्तर दोघांच्याच. एक माझा नवरा, रोझेर. दुसरा शेजारचा नॉर्मंड, सडाफटिंग, मला वहिनी म्हणणारा, माझ्या हातचे प्लोय, म्हणजे आमच्याकडची धिरडी, लोण्यागुळाबरोबर डझनाने खाऊन वर नावं ठेवणारा.

दोघांच्याही करवती ऐकू येत होत्या. रोझेरची टेकडीवर, लांब. नॉर्मंडची नदीकाठच्या झाडीत, पायी दहा मिनिटांवर. गाडी रोझेरने नेलेली. फाट्यावर क्षणभर थांबले असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. खोटं आहे ते. मी थांबलेच नाही, पाय सरळ टेकडीकडे वळले.

चढणीवर धाप लागली तरी कान करवतीकडेच होते. आवाज चालू आहे तोवर माणूस जिवंत, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक. मध्येच रोझेरच्या करवतीचा आवाज बंद झाला. पेट्रोल भरत असेल, मी स्वतःला बजावलं. पेट्रोलला पाच मिनिटं, दात्यांना कानस मारायला दहा. मी मोजत चालले, पडले, उठले. दहाच्या वर गेलं तरी करवत सुरू होईना. त्या चढणीवर देवाला काय काय कबूल केलं ते सांगायची आजही लाज वाटते. मला फक्त माझा माणूस हवा होता.

तो ओंडक्यावर बसून डबा खात होता. मी पत्र त्याच्या हातात कोंबलं.

"नवी साखळी अजून गाडीतच पडलीय गं," तो म्हणाला. "जुनी झिजल्याशिवाय कशाला लावू?" मग त्याने पत्र पुन्हा वाचलं. "नॉर्मंडला सांगून आलीस ना?"

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत नदीकाठचा आवाज थांबला. आम्ही दोघं मोजत राहिलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मग रोझेर गाडीकडे धावला.

नॉर्मंड वाचला, पण उजवा डोळा गेला आणि उजव्याच हाताची तीन बोटंही. जंगलातलं काम संपलं. रोझेरने मला एका शब्दाने विचारलं नाही, त्यापेक्षा त्याने विचारलेलं परवडलं असतं.

बर्फ वितळल्यावर नॉर्मंड आमच्या घरी जेवायला आला. डाव्या हाताने खाल्लं, नेहमीसारखी नावंही ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, ते पत्र कधी आलं होतं?"

"दुपारी," मी म्हणाले. "तुला इस्पितळात नेल्यावर."

त्याने मान डोलावली. आमच्या दोघांच्या टपालपेट्या एकाच खांबावर आहेत. टपालवाला सकाळी येतो आणि दिवसातून एकदाच येतो.

त्याला आता तीस वर्षं झाली. दर रविवारी नॉर्मंड आमच्याकडे जेवतो. त्याने तो प्रश्न पुन्हा काढलेला नाही. पण दारावर त्याची थाप पडली की अजूनही माझे हातपाय गार पडतात.