आकाशाकडची बाजू

सांगाडा आडवा होता. एवढंच लक्षात ठेवायचं होतं.

पूर्वी या गोदीत जहाजं बांधायचे. जहाज जसं बांधतात तसंच पाण्यात उतरतं. वर म्हणजे वर, खाली म्हणजे खाली. मग जहाजांची मागणी आटली आणि समुद्रातल्या तेलविहिरींसाठी पोलादी सांगाडे आले. चार पायांचे, पंधरा मजल्यांएवढे. ते बांधायचे कुशीवर निजवून आणि उभे करायचे भर समुद्रात.

ओळंबा तिथला आखणारा. तो पोलादावर खडूने खुणा करायचा, वेल्डर तिथे जोडायचे. तीस वर्षांत त्याची रेघ केसभर हलली नव्हती, म्हणून हे नाव. जहाजांच्या काळातला आता तो एकटाच उरला होता. वेल्डरांतला एक त्याचा साडू, बारा वर्षांनी लहान; यानेच गोदीत चिकटवून दिलेला.

मंगळवारी सांगाड्याच्या एका पायावर शिडीच्या पट्ट्या आखायच्या होत्या. ओळंब्याने मान वर केली, आकाश पाहिलं, आणि हात आपोआप चालू लागला.

सोळा खुणा. साडूने डोळे झाकून विश्वास ठेवला आणि सोळा पट्ट्या जोडल्या. खुणांचा खडू जळून गेला.

गुरुवारी तपासनीस मान तिरकी करून बघत राहिला आणि हसतच सुटला. "हे उभं केलं की शिडी आडवी! माणसं काय खेकड्यासारखी चालणार?"

सगळे हसले. ओळंबाही हसला.

साहेब हसला नाही. पट्ट्या कापल्या तर पायाचं पोलाद भाजणार, म्हणजे तो तुकडाच बदलायचा. "खूण कोणाची?"

माझी.

(हे कोणी बोललं नाही. इथे बोलायचं होतं.)

ओळंबा खाली वाकला. बुटाची नाडी सुटली नव्हती. ती त्याने सोडली आणि पुन्हा बांधली. साडू त्याच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "खूण दिसली नाही, साहेब. मी अंदाजाने लावल्या."

दुपारी साडूचा गेटपास काढून घेतला.

शुक्रवारी सांगू.

शुक्रवारी साहेब बैठकीत होता. सोमवारी सांगू.

सोमवारी साहेब मोकळा होता.

"माझ्या धाकट्या बहिणीकडे जाऊन या की एकदा," बायको म्हणायची. "तिचा माणूस घरी बसलाय."

"जाऊ."

तुकडा बदलला, सांगाडा समुद्रात गेला, तेव्हा कुठे ओळंबा केबिनमध्ये जाऊन उभा राहिला. "साहेब, ती खूण माझी होती."

"कुठली खूण?" साहेबाचं डोकं नव्या आराखड्यात. "अहो, ते केव्हाच मिटलं. तुम्ही पुढचं बघा."

साडू आता खिडक्यांच्या ग्रिल बनवायच्या दुकानात होता. फुटपाथवरच उकिडवा बसून, डोळ्यांपुढे वेल्डिंगची काळी काच धरून.

"खूण माझी होती," ओळंबा म्हणाला.

"माहितीये. गोदीत सगळ्यांनाच माहिती होतं. आकाशाकडे बघून वर कुठलं ते ठरवणारं तिथे दुसरं उरलंय कोण?"

"मग कोणी बोललं का नाही?"

"तुमचा मान ठेवला. म्हटलं, दादा स्वतःच बोलतील."

"मी लेखी देतो. उद्याच—"

"दादा, बाजूला व्हा," साडूने काच पुन्हा डोळ्यांपुढे धरली. "डोळ्यांना लागेल."

ओळंबा बाजूला झाला.