स्कूटरच्या डिकीतल्या रहस्यकथा

बंद खोलीत मेलेला वकील.

जुन्या दवाखान्यावर लागलेली नवी पाटी: मंत्रालय.

आंधळ्या माळ्याचा चष्मा.

गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर, तिच्यावर सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी.

“भोपाळ” म्हटलं की स्वयंपाकघरात एकदम शांतता.

हे सगळं एकाच उन्हाळ्यातलं. दोन हजार एक. छत्तीसगढ नुकतंच वेगळं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि चौबे कॉलोनीतली तेरा वर्षांची शर्मिष्ठा रहस्यकथांवर अशी तुटून पडली होती की ताटात वरण आहे की कढी, याचा तिला पत्ता नसे. आज चाळिशीला टेकलेली शर्मिष्ठा त्या पुस्तकांची नावं विसरली आहे. छातीतली धडधड मात्र जशीच्या तशी!

पुस्तकं बाबा आणत, मराठी मंडळाच्या वाचनालयातून, स्कूटरच्या डिकीत घालून. वाचायला मागच्या गल्लीतली मोनाली येई. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं, मोनालीने त्यावर बसायचं, आणि दोघींनी खुनी सांगायचा. मोनाली मराठीत वाचायची, भांडायची हिंदीत.

“माली है, माली!”

“काहून? तो तर बिचारा आंधळा आहे.”

“तो फिर चश्मा क्यों पोंछता है, पागल?”

माळीच निघाला. शर्मिष्ठा जळून खाक!

एका दुपारी मोनालीनेच विचारलं, “तेरे पापा तो चिढ़ते थे ना इन किताबों से? फिर रोज क्यों लाते हैं?”

शर्मिष्ठा उठून बसली. खरंच! खुनाखुनीची पुस्तकं वाचून पोट्टी बिघडते, असं म्हणणारे बाबा! आणि कालचं पुस्तक अर्धंही झालेलं नसताना ते बदलून का आणतात? ते वकिलाचं पुस्तक तर तिसऱ्यांदा आलं होतं.

बाबा, म्हणजे अच्युतराव, सिंचन खात्यात बाबू. राज्य फुटलं तशी कर्मचाऱ्यांचीही वाटणी चालली होती. कोणाचं नाव भोपाळच्या यादीत, कोणाचं रायपूरच्या. मोनालीचे वडील रेल्वेत, त्यांना ही भीती नव्हती. पण भोपाळला गेलं, तर पुस्तकावर बसायला मोनाली कुठून आणायची?

त्या संध्याकाळी बाबा मंडळातून आले. त्यांनी चप्पल काढायच्या आत शर्मिष्ठाने, पुस्तकांत करतात तसं, सगळ्यांना बैठकीत बसवलं. आई दिवाणावर, बाबा खुर्चीत. मोनाली दारात, कोणी पळू नये म्हणून.

“बाबा, एकच पुस्तक तीनदा आणलं तुम्ही.”

“असं? मंग पाठ कर.”

“तुम्ही पुस्तकासाठी जातच नाही! मंडळात सारे बाबू जमतात, यादीचं बोलतात, ते ऐकायला जाता. अन् आईने यंदा लोणचं घातलं नाही. भोपाळपर्यंत बरणी कोण नेणार? आपण जाऊन राहिलो, अन् मले कोणी सांगत नाही!”

शेवटी शेवटी तिचा आवाज चिरकला. गुप्तहेराचा चिरकत नाही.

“मले तरी कोणी सांगून राहिलं का?” आई उसळली. “यांचं पुस्तकं आणणं पाहूनच मी लोणचं थांबवलं. म्हटलं, हा माणूस अन् रहस्यकथा? नक्की बदलीचं काही आहे.”

बाबा दोघींकडे पाहतच राहिले. “मले वाटलं, घरात कोणाले काही समजलंच नाही.”

“अंकल,” दारातून मोनाली ओरडली, “लिस्ट में क्या है?”

“लागली ना आज. रायपूर.”

त्यांनी हे भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात सांगितलं. मग मोनालीने अशी किंकाळी फोडली की शेजारचे शर्माजी कुंपणाशी धावत आले. शर्मिष्ठा दिवाणावर उड्या मारू लागली. सगळे पुरावे बरोबर आणि निष्कर्ष साफ चुकला! असं चुकण्यात एवढी मजा असते, हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

“उड्या कमी कर,” आई डोळे पुसत म्हणाली. “अन् तुम्ही हो! आंबे पिकले सारे. आता कैऱ्या कुठून आणू मी?”

“भोपाळहून मागवू,” बाबा म्हणाले, आणि आईने हातातला पंखा त्यांच्याकडे भिरकावला.

आणि गंमत म्हणजे, ज्या भोपाळला जायच्या भीतीने हे सगळं घडलं, शर्मिष्ठाचा जन्म तिथलाच.