काखेतली शिवण

कपड्याने शिंप्याला 'का' विचारायचं नसतं, हा नियम अंगात पहिली टाचणी टोचली तेव्हाच मला ऐकवण्यात आला. मी पोलिसाची वर्दी बोलतेय. खरी नव्हे, सिनेमातली. खऱ्या वर्दीत धावता येतं. माझ्यात नुसतं ऐटीत उभं राहता येतं.

"अजून आवळा," दिग्दर्शक म्हणाले. "बाई कणखर दिसली पाहिजे."

कंबर आवळली, काखा आवळल्या. खिसे फुगतात म्हणून त्यांची तोंडंही शिवून टाकली. कणखरपणाचा आणि कंबरेचा काय संबंध, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मला पहिल्यांदा घातलं ती नटी तेव्हा नवी होती. पोस्टरवर आम्ही दोघी वाघिणीसारख्या. शेवटच्या मारामारीत मात्र तिने हात उगारायचा, तो खांद्याशीच अडायचा आणि तेवढ्यात दार फोडून नायक यायचा. मुलाखतीत ती म्हणाली, भूमिका फार सशक्त होती. मेकअपच्या खोलीत केस करणाऱ्या मैत्रिणीला मात्र म्हणाली, "सशक्त म्हणे! हात डोक्यापर्यंत जात नाही. तूच विंचर बाई." दोघी पोट धरधरून हसल्या. मला नाही आलं हसू.

मग ट्रंक, डांबराच्या गोळ्या आणि अंधार.

आता त्याच सिनेमाचा दुसरा भाग निघालाय. दिग्दर्शक तेच, शेवटही तोच. जुनी नटी झालीय नायिकेची आई, आणि मी नव्या पोरीच्या अंगावर. पहिल्याच दिवशी पोरीने काखेत सैल करून मागितलं. दिसायला बरं नाही, असं उत्तर मिळालं. जुनी नटी समजुतीने म्हणाली की आम्हीही असंच निभावलं. निभावलं! या एका शब्दाखाली मोठ्या माणसांनी काय काय झाकून ठेवलंय.

आज तो शेवटचा प्रसंग होता. खलनायक समोर, नायक दाराबाहेर तयारीत. पोरीने हात उगारला आणि अडू दिलाच नाही. माझी काख टर्रकन उसवली, खलनायकाची टोपी उडून लांब पडली. आयुष्यात पहिल्यांदा मी मोकळा श्वास घेतला.

"कट. शिवून घ्या, पुन्हा करू," दिग्दर्शक म्हणाले.

कपडेपटातल्या काकू सुईदोरा घेऊन आल्या. काकू, हात जोडून सांगितलं असतं, पण मला नुसत्या बाह्याच आहेत. ती सुई ठेवा परत.

जुनी नटी पोरीजवळ आली. "ऐक गं, हात अर्ध्यावर थांबव. अशा हट्टापायी कामं जातात."

"जाऊ देत," पोरगी म्हणाली. "ताई, तुमचा हात वर जात नव्हता, तुम्ही हसण्यावारी नेलंत. माझा जातोय. मी ही शिवू देणार नाही."

जुन्या नटीची नजर माझ्या उसवलेल्या काखेवर खिळली.

दाराबाहेरून नायकाने विचारलं, "येऊ का आता?"

काकूंनी सुई परत डबीत ठेवली.