अठरा मुलं आणि अभिनंदनाचं पत्र

सकाळपासून मोठ्या बाईंच्या पायाला भिंगरी लागली होती. शिक्षण कार्यालयाचं पत्र यायचं होतं आणि त्यावर वाचनवर्गाचं पुढचं वर्ष टांगलेलं होतं. वाचनवर्ग म्हणजे मागची खोली, रोजचा एक तास आणि पाचवीत येऊनही अक्षराला अक्षर जोडता न येणारी एकेचाळीस मुलं. त्यांना शिकवणाऱ्या ताईंचा पगार अनुदानातून निघे, आणि अनुदान अहवाल बघून मिळे.

त्या अहवालानेच बाईंची झोप उडवली होती. वर्षभरात वाचायला शिकलेल्यांचा खरा आकडा होता तेवीस. उरलेली अठरा अजून अडखळत होती.

"तेवीस लिहिलं तर म्हणतील, पैसा पाण्यात गेला. सरळ एकेचाळीस लिहा," असं हेडक्लार्क भाऊसाहेबांनी सुचवलं होतं. "कागदाला कुठं तोंड असतं?" त्यांची अख्खी नोकरी या शहाणपणावर पार पडली होती. मुख्याध्यापक झाल्यापासून बाईंनी पहिल्यांदाच आकडा फुगवला, आणि तेव्हापासून जिवाला चैन म्हणून नव्हती.

दुपारी पत्र आलं. बाईंनी ते उभ्यानेच वाचलं. आधी शाळेचं तोंडभरून अभिनंदन. खाली एकच ओळ: उद्दिष्ट पूर्ण झाल्यामुळे वर्ग महिनाअखेर बंद करावा, अनुदान गरजू शाळेला देण्यात येत आहे.

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. "करायला गेलो एक आणि झालं भलतंच!"

"आता चौकटीत बसवा हे अभिनंदन!" बाई कडाडल्या, आणि लगेच ओशाळल्या. सल्ला भाऊसाहेबांचा असला तरी सही आपली होती.

त्यांनी कोरा कागद ओढला. 'अहवालातला आकडा खोटा आहे. अठरा मुलांना अजून वाचता येत नाही. चूक माझी एकटीची. वर्ग चालू ठेवावा.'

"बाई, चौकशी लागेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, कशाला पायावर धोंडा मारून घेताय?"

"मी घरी जाईन. ती मुलं कुठं जातील?" बाईंना भीती वाटत होतीच, पण हात थांबला नाही. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं. "त्या अठरा जणांची नावं सांगा."

"सतरा, बाई," ताई हसून म्हणाल्या. "एकीनं आज सकाळी अख्खं पान वाचलं."

भाऊसाहेब कुजबुजले, "अठराच असू द्या. तेवढंच वजन पडतं."

बाईंनी अठरावर काट मारली आणि सतरा लिहिलं.