काढ्याची किटली परत करायची नसते

मित्रांनो, मी काढा उकळायची एक जुनी मातीची किटली आहे. अंगाने काळी, एका बाजूला बोटभर तोटी, दुसऱ्या बाजूला धरायला दांडा. आणि तोटीपासून बुडापर्यंत एक तडा. त्या तड्यासाठी आज तोंड उघडलंय. एरवी आमच्यासारख्यांनी उकळावं आणि गप्प बसावं, एवढीच जगाची अपेक्षा असते.

भरड वाळू मिसळलेल्या मातीची मी. कुंभाराने भट्टीतून काढून टिचकी मारली आणि म्हणाला, "ही टिकेल." चाळीस वर्षं टिकले. युक-सिमच्या आईने मला दक्षिण चीनमधल्या सानवुईच्या बाजारातून आणलं, आणि आईमागे मी युक-सिमची झाले. आमच्या सानवुईत गच्चीवर कपड्यांपेक्षा संत्र्याच्या सालीच जास्त वाळतात. दहा-दहा वर्षं मुरलेली ती साल, आंबट रानफळाच्या वाळक्या चकत्या आणि भाजलेले जवाचे मोड. हे तीन जिन्नस माझ्या पोटात उकळले की माणसाचं पोट हलकं होतं.

गल्लीत घरोघरी किटली नव्हती. ज्याचं पोट बिघडेल त्याने मला न्यायचं. पण परत आणून द्यायचं नाही. काढ्याची किटली स्वतःच्या हाताने परत केली, तर आजारच त्या घरी नेऊन दिला असं होतं. म्हणून मालकिणीने स्वतः न्यायला यायचं. सणाच्या दुसऱ्या दिवशी तीन-तीन घरं माझ्यासाठी भांडायची. युक-सिम म्हणायची, "जेवताना हात आवरत नाही, आणि मग माझ्या किटलीच्या जिवावर उठतात मेले."

त्या वर्षी वसंतात समोरच्या छोई-वानच्या नवऱ्याचं, काम-चुनचं, अन्न तुटलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. युक-सिमने मला छोईच्या हातात दिलं.

"मंदाग्नी आहे गं. पाच दिवस दे. सहाव्या दिवशी जेवण कमी पडलं म्हणून तुझं डोकं खाईल तो."

"ताई, एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवू का?"

"पोट फुगलं म्हणून दवाखाना? तिथे रांगेत उभं राहून धडधाकट माणूस आजारी पडतो."

पाच दिवसांचे चाळीस झाले. मी उकळत राहिले. काढ्याचा चोथा छोई रोज रस्त्यावर टाकायची. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांनी तुडवला की रोग निघून जातो, अशी आमच्याकडची रीत. युक-सिम रोज सकाळी जुने कापडी जोडे घालून यायची आणि मुद्दाम त्या चोथ्यावर उभी राहायची.

"लोकांचे पाय कशाला? माझे घे. चांगले मोठे आहेत."

छोई हसायची. त्या घरात तेवढंच हसू उरलं होतं.

शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा पोटात गाठ निघाली. डॉक्टरने विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" छोईने घरी येऊन हा प्रश्न भिंतीला चारदा ऐकवला. उन्हाळ्यातल्या होड्यांच्या शर्यतींच्या सणाआधी काम-चुन गेला.

मी स्पष्टच सांगते. माझ्यात गुण आहे. जड जेवण, करपट ढेकर, फुगलेलं पोट, एवढ्यापुरता आहे. गाठीपुढे मी म्हणजे नुसती माती. हे न सांगता माझं कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो.

मी छोईच्या फळीवरच राहिले. युक-सिम न्यायला आली नाही. यायचं म्हणजे त्या घरात, त्या बाईसमोर उभं राहायचं. आणि छोई वाट पाहत होती ती फक्त एका वाक्याची. 'चुकलं माझं.' बस. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "एकीला पाय नाहीत, दुसरीला तोंड नाही."

उन्हाळा उतरता उतरता युक-सिम आली. उंबऱ्याबाहेर थांबली. अंगावरचे कपडे दोरीवर टांगल्यासारखे लोंबत होते. छोई शेंगा सोलत होती.

"छोई."

"बोला ताई." इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'बोला'.

"किटली न्यायला आलेय."

छोईचे हात थांबले. "अजून काही?"

युक-सिमचे ओठ हलले. मी फळीवरून पाहत होते. ते वाक्य तिच्या तोंडापर्यंत आलं होतं, शप्पथ सांगते. पण म्हणाली ती दुसरंच.

"नाही. जरा जेवण जात नाही हल्ली. म्हणून."

"किटलीला तडा गेला," छोई म्हणाली. "फेकली मी."

युक-सिमने वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. मी धडधडीत फळीवर, अख्खी. ती क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "जुनीच झाली होती." आणि गेली.

पानं गळायला लागली तेव्हा युक-सिमची मुलगी लाय-फॉन छोईकडे आली. डोळे सुजलेले.

"मावशी, आई ऐकत नाही. दोन महिने स्टीलच्या पातेल्यात काढा करून पितेय. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, काम-चुनला मी जाऊ दिलं नाही, आता मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

छोईने मला फळीवरून ओढलं आणि दारापर्यंत धावली. एक पाय बाहेर पडलाही. मग थांबली. आजारी घरात स्वतःच्या हाताने काढ्याची किटली कशी न्यायची? तिने मला उंबऱ्याशी ठेवलं आणि रिकाम्या हाताने समोर गेली. दारं उघडी होती. मला सगळं ऐकू आलं.

"ताई, किटली आहे. अख्खी आहे. मी खोटं बोलले. तू ये आणि घेऊन जा. मला आणता येत नाही गं, तूच ये."

मग युक-सिमचा आवाज, अगदी बारीक. "उठता आलं की येते."

दुसऱ्या दिवशी छोई आणि लाय-फॉनने मिळून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तोच प्रश्न विचारला म्हणे. ती परत उठली नाही.

तिला पोचवून आल्यावर छोईने मला चुलीवर ठेवलं. साल टाकली, चकत्या टाकल्या, जव टाकले. पाणी विसरली. समोरच्या बंद दाराकडे बघत बसली. माझ्या अंगातून कट्‌ असा आवाज आला तेव्हा कुठे तिने जाळ विझवला.

महिन्याने लाय-फॉन आली. आता मालकीण तीच, न्यायचा हक्क तिचा. मला हातात घेऊन तिने तड्यावरून बोट फिरवलं.

"आई म्हणालीच होती, तडा गेलाय म्हणून. म्हणाली, मावशीला त्यावरून काही विचारू नकोस."

छोई खाली बसली. शेंगांच्या टोपलीत तोंड लपवून रडली.

मित्रांनो, पोटाचं दुखणं पाच दिवसांत हटलं नाही तर माझ्या भरवशावर राहू नका, उठा आणि डॉक्टर गाठा. आणि कोणी तुमच्या उंबऱ्याशी येऊन नुसती किटली मागत असेल, तर तिला आत घ्या. बसवा. बाकीचं वाक्य नंतर येईल, किंवा नाही येणार. तरीही.

लाय-फॉनने मला नेलं नाही. तशीच फळीवर ठेवून गेली. पाणी आता माझ्यात थांबत नाही. छोई मात्र रोज मला पुसते.